आपल्या पट्टीची एकतारी : मिरजेत काय घ्यावं, काय टाळावं

एकट्यानं म्हणायच्या गाण्याला साथ हवी असेल तर मिरजेची साधी, बिननक्षीची एकतारी घ्यावी; आणि दुकानात टांगलेली उचलून न आणता आपल्या पट्टीला, म्हणजे आपल्या गळ्याला सोसेल त्या ‘सा’ला, करवून घ्यावी. मत आधीच सांगून टाकलं आहे, कारण पुढचा सगळा तपशील याच एका गोष्टीसाठी आहे.

ओवी घ्या, भारूड घ्या, नाहीतर बांधावर बसून मोकळ्या गळ्यानं म्हटलेलं एखादं गाणं घ्या. यातली कितीतरी गाणी ‘माझ्या मनाची मालकी माझी’ एवढंच सांगत असतात. घरात जे बोलता येत नाही ते बाई जात्याला सांगायची. शब्द तिचे, चाल तिला सोसेल तशी, मध्येच थांबून जात्यात दाण्यांचा घास घालायचा झाला तरी कुणाला विचारायचं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या अशा ओव्यांचा आकडा एक लाखाच्या पुढे गेला. एकेकीचं म्हणणं किती वेगळं होतं, ते यावरून कळतं. या गाण्याला जात्याची घरघर हाच आधारसूर होता. जातं गेलं, गिरणी आली, आणि ओवीचा तो आधार निघून गेला. त्या जागी पेटी चालत नाही. पेटी प्रत्येक अक्षराला स्वर चिकटवते, आणि मग गाणारा पेटीच्या मागे जायला लागतो. एकतारी फक्त ‘सा’ धरून ठेवते आणि बाकीचं सगळं तुमच्यावर सोडते.

मिरजच का, हे सांगली-साताऱ्याच्या माणसाला फार समजवावं लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून इथं तंतुवाद्यं बनायला लागली. मुळात हत्यारांना धार लावणारं शिकलगार घराणं, ते तारांकडे वळलं. २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि तानपुरा यांना भौगोलिक मानांकन मिळालं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: हे मानांकन सतारीला आणि तानपुऱ्याला आहे, एकतारीला नाही. त्यामुळे एकतारी विकताना कुणी मानांकनाचं नाव घेतलं तर त्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही. जास्तीचे पैसे मोजायचे ते कारागिराच्या हातासाठी. तार ज्या तुकड्यावर टेकते ती घोडी; तिचा माथा घासून सूर गुंजता करणं म्हणजे जवारी. तानपुऱ्याची जवारी लावणारा हात एकतारीच्या घोडीवर फिरला तर काय फरक पडतो, ते तिथं बसून ऐकण्यासारखं आहे.

मिरजेत दोन जातीच्या एकताऱ्या मिळतात. एक चामड्याची: लहान कडू भोपळा, त्याच्या कापलेल्या तोंडावर शेळीचं चामडं, आरपार गेलेली कळकाची (बांबूची) दांडी, चामड्यावर छोटी घोडी. वारीत दिसते ती हीच. दुसरी लाकडी तबलीची: रचना लहान तानपुऱ्यासारखी, भोपळ्यावर तूनच्या लाकडाची तबली, म्हणजे पातळ फळी, लाकडी दांडी, रुंद घोडी, आणि घोडीच्या खाली तार बारीक जुळवायला मणी. दोघींचा स्वभाव वेगळा आहे. चामड्याचा आवाज टपोरा निघतो आणि लवकर विझतो, त्यामुळे प्रत्येक छेड ठोक्यासारखी ऐकू येते. तबलीचा सूर रेंगाळतो, त्याच्यात वरचे स्वर घुमतात, आणि दोन छेडींच्या मध्ये गळ्याला टेकायला जागा राहते.

उभ्यानं, चालत, दुसऱ्या हातात चिपळ्या घेऊन म्हणायचं असेल तर चामड्याची घ्या. एका जागी बसून, लांब हेल काढत ओवी म्हणायची असेल तर डोळे मिटून तबलीची घ्या. एकाच वाद्यात दोन्ही कामं साधायला गेलं की एकही नीट होत नाही.

आता पट्टी. पसंतीतली सगळ्यात मोठी चूक इथंच होते. टांगलेल्या एकताऱ्या बहुतेक पुरुषी मध्यम पट्टी धरून तार लावलेल्या असतात. बाई ती घरी नेते, काळी एकला (पेटीवरच्या पहिल्या काळ्या सुराला) जुळलेल्या तारेवर गाऊ पाहते, गळा खाली ओढला जातो आणि गाणं मरगळतं. मग खुंटी पिळून तार वर चढवली जाते. काळी एकवरून काळी चारवर जाणं म्हणजे सात पायऱ्या, आणि त्याच तारेवर तेवढं चढायला ताण सव्वादोन पट करावा लागतो. तार कदाचित तुटणारही नाही. पण चामडं घोडीखाली बसतं, कळक वाकतो, खुंटी घसरायला लागते. मग लोक म्हणतात वाद्य खराब निघालं. वाद्य चांगलंच असतं, ते दुसऱ्याच्या गळ्याचं असतं.

आपली पट्टी शोधायला गुरू लागत नाही. जे गाणं म्हणायचं आहे ते कुठलंही वाद्य न लावता, घरात काम करताना म्हणतो तसं म्हणा. ओळ संपताना गळा ज्या सुरावर येऊन विसावतो तो तुमचा ‘सा’ धरा. तो सूर पेटीवर किंवा मोबाईलच्या ट्यूनरवर बघून लिहून ठेवा. सकाळी, दुपारी, रात्री असं वेगवेगळ्या वेळी करा, कारण सकाळी गळा जड असतो आणि सूर खाली येतो. सकाळी काळी तीन आणि रात्री काळी चार आली तर मधली पांढरी पाच घ्या. ओवीचा पल्ला बहुधा पाच-सहा स्वरांचाच असतो, त्यामुळे ‘सा’ अर्धा स्वर इकडे-तिकडे झाला तरी भागतं. भारुडात मात्र वरचा ‘सा’ लागतो, तेव्हा गाण्यातला सगळ्यात उंच शब्द ओरडल्याशिवाय निघतोय का ते पाहूनच पट्टी पक्की करा.

ट्यूनर इंग्रजी अक्षरं दाखवतो, म्हणून हे लक्षात ठेवा: सी म्हणजे पांढरी एक, सी शार्प काळी एक, एफ शार्प काळी तीन, जी पांढरी पाच, जी शार्प काळी चार. आणखी एक अडचण येते. जवारी चांगली असली की वरचे स्वर इतके स्पष्ट वाजतात की ट्यूनर फसतो आणि पंचम दाखवतो. अशा वेळी तार खुंटीकडे किंवा घोडीजवळ न छेडता मधोमध, हलक्या बोटानं छेडा. मूळ सूर वर येतो आणि काटा जागेवर बसतो.

तारेची जाडी कारागिराला आकड्यातच सांगा. घोडीपासून वरच्या अटीपर्यंत (खुंटीकडे तार टेकते तिथपर्यंत) वाजणारी लांबी ६० सेंमी धरली, तर पुरुषाच्या काळी एकला ०.४० मिमीची पोलादी तार बरोबर बसते. बाईच्या काळी चारला ०.२८ मिमीची. दोन्हीकडे ताण तीन किलोच्या आसपास राहतो, आणि एवढा ताण चामडं, कळक आणि लाकडी खुंटी वर्षानुवर्षं सोसतात. ०.४० ची तार काळी चारला ताणली तर हाच ताण सहा किलोच्या वर जातो. उलट ०.२८ ची तार काळी एकला लावली तर ताण दीड किलोपेक्षाही खाली येतो, तार ढिली फडफडते आणि जोरात छेडली की सूर आधी चढा निघून मग खाली घसरतो. लांबी बदलायची असेल तर हिशेब सोपा आहे. अर्धा स्वर वर जायला ६० सेंमीची ५६.६ सेंमी करावी लागते, ताण तोच ठेवून. उंचीनं लहान माणसाला किंवा मांडी घालून बसणाऱ्याला छोटी दांडी सोयीची पडते, त्यात हा हिशेब कामी येतो.

म्हणजे मिरजेत गेल्यावर तीन गोष्टी स्वच्छ सांगायच्या: पट्टी, वाजणारी लांबी, आणि चामडं की तबली. चौथी गोष्ट मुठीची. चामड्याच्या एकतारीत दांडी ज्या हातात धरतो त्याच हाताच्या तर्जनीनं छेडतो, म्हणून कळकाची जाडी पंजाला मिळती हवी. लहान पंजाला अडीच सेंमीच्या आसपासचा कळक बरा. त्याहून जाड घेतला तर बोट तारेपर्यंत नीट पोचत नाही, आणि तासाभरात मनगट भरून येतं.

दुकानात पारख कशी करायची? आधी तार तुमच्या पट्टीत जुळवून मागा. त्यांच्या पट्टीत कितीही गोड वाजली तरी ती तुमची परीक्षा नव्हे. एकदा जोरात छेडा आणि सूर पूर्ण विझेपर्यंत ऐका. सुरुवातीला किंचित चढा निघून लगेच स्थिर झाला तर ठीक; शेवटपर्यंत खाली सरकत राहिला तर खुंटी घसरते आहे किंवा चामडं ढिलं आहे. मग दुसऱ्या हातानं दांडीचं वरचं टोक हलकेच मागे ढकला. सूर लगेच डगमगला तर कळक कोवळा किंवा पातळ आहे. दांडी जिथं भोपळ्यात शिरते तिथला सांधा बघा. रंगानं झाकलेली फट नखाला लागते. कळकाच्या पेराजवळ टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि पिठासारखी भुकटी दिसली तर ती एकतारी तिथंच ठेवून द्या, कीड आत आहे. कोवळ्या, नीट न मुरलेल्या कळकात पिठूळ अंश जास्त राहतो आणि किडा तोच खातो.

भोपळा बहुतेक पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. तो कानाशी धरून बोटाच्या पेरानं वाजवून बघावा. सगळीकडून सारखा, कोरडा आवाज हवा. एका बाजूला बद्द वाजला तर तिथं आतून भर घातलेली असते किंवा चीर लिंपलेली असते. लिंपलेला भोपळा वाईटच असं नाही, पण मग किंमत तशी हवी.

घोडीवर थोडं थांबायला हवं. तबलीच्या एकतारीत घोडीचा माथा वरून सपाट दिसतो, पण त्याला अगदी अल्पसा उतार असतो. तार त्या उतारावर हलकीशी टेकत वाजते आणि त्या टेकण्यातूनच तो गुंजणारा सूर येतो. कारागीर बारीक कानस दोन-तीन वेळा फिरवतो, फुंकर मारतो, तार परत चढवतो, छेडतो, मान हलवतो, पुन्हा उतरवतो. माथा फार सपाट राहिला तर तार खरखरते. उतार जास्त झाला तर आवाज टणक आणि कोरडा होतो. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोऱ्याचा एक धागा सरकवतात. तो केसभर पुढेमागे केला की सूर उघडतो. हा धागा कुठं थांबला की तुमच्या कानाला बरं वाटतं, ते तुम्हीच सांगायचं आहे. कुणाला जास्त गुंजणारा सूर आवडतो, कुणाला शांत. कारागिराच्या आवडीवर सोडू नका. आणि पट्टी आधी, जवारी नंतर, हा क्रम चुकवू नका, कारण ताण बदलला की तार घोडीवर टेकण्याची जागा बदलते आणि केलेली जवारी वाया जाते.

नक्षीबद्दल मत स्पष्ट आहे: टाळा. तबलीवर जाड रंग, सेल्युलॉइडच्या पट्ट्या, मोराची चित्रं यांनी पातळ लाकडाचं थरथरणं दबतं. पातळ लाखेचं पॉलिश पुरे. दांडीवर पाहिजे तेवढी हौस करा, आवाजाला धक्का लागत नाही.

खुंटी लाकडीच घ्यावी. गिटारची लोखंडी किल्ली बसवून मिळते, जुळवायला सोपी पडते, नव्यानं शिकणाऱ्याला मोहही होतो. पण कळकात स्क्रूची भोकं पाडली की तो तिथूनच उभा चिरतो, शिवाय वरचं टोक जड होऊन चालताना एकतारी पुढे कलते. लाकडी दांडीच्या, बसून वाजवायच्या एकतारीला ही किल्ली चालेल. लाकडी खुंटी घसरत असेल तर काढून खडू घासा; अडकत असेल तर कोरडा साबण आणि त्यावर थोडा खडू. तेल कधीच नको. तारेचे वेढे चार-पाच असावेत आणि ते खुंटीच्या जाड बाजूकडे सरकत जावेत, म्हणजे फिरवताना खुंटी आपोआप आत ओढली जाते.

तुणतुणं घ्यावं का, असं वाळवा-शिराळ्याकडची मंडळी हमखास विचारतात, आणि ते साहजिक आहे. याच भागातल्या रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कुलकर्ण्यांनी घरदार आणि जातीचा मान बाजूला ठेवून तमाशाचा फड जवळ केला आणि ते पठ्ठे बापूराव झाले. वाटेगावचे अण्णाभाऊ साठेही इथलेच. मनाला येईल ते गाणाऱ्यांचा हा मुलूख आहे आणि तुणतुणं त्यांच्या मागं वाजत राहिलं. पण ते वाजवणारा सहसा झीलकरी, म्हणजे मागं सूर धरणारा साथीदार असतो, गाणारा वेगळा. लाकडी नळकांडं, बुडाला चामडं, त्याच्या मध्यातून निघून पोकळीतून वर खुंटीकडे गेलेली तार, काखेत धरून लाकडाच्या तुकड्यानं छेडायचं. आवाज तिखट, लय पक्की. फड असेल, पोवाडा असेल, तर त्याला तोड नाही. एकट्याच्या ओवीला मात्र ते गाण्याला पुढे ढकलत राहतं. घेतलंच तर बुडाकडची गाठ बघा. तार नुसती गाठ मारून चामड्यात अडकवली असेल तर ती चामडं कापत जाते आणि सूर दर आठवड्याला उतरतो. गाठीखाली पितळी किंवा जाड चामड्याची चकती असायलाच हवी.

मोबाईलवरचा तानपुरा किंवा इलेक्ट्रॉनिक पेटी जुळवणीपुरती उत्तम. त्यावर ‘सा’ लावा, एकतारी जुळवा आणि बंद करा. चालू ठेवून गायलं तर सूर न थांबता वाहत राहतो, आणि ओवीतली थांबण्याची मोकळीक जाते.

ती मोकळीक कशी वापरायची, ते नमुन्यापुरत्या रचलेल्या या ओवीवर करून बघा:

जातं गं थांबलं, गाणं थांबायाचं न्हाई
पाखराच्या पायी दावं टिकायाचं न्हाई

नवखा माणूस प्रत्येक अक्षराला छेडतो आणि ओवी कवायतीसारखी होते. त्यापेक्षा पहिल्या ओळीत ‘जातं’, ‘थांबलं’, ‘गाणं’, ‘थांबायाचं’ यांच्या पहिल्या अक्षरावर एकेक छेड द्या आणि ‘न्हाई’ला बोट उचला. तारेचा उरलेला सूर विझत असताना ‘न्हाई’ लांबवा, पाहिजे तितकी. दम संपला की मगच पुढची छेड आणि दुसरी ओळ. चामड्याच्या एकतारीवर सूर लवकर विझतो म्हणून ‘न्हाई’च्या मध्यावर एक हलकी छेड चालते, तबलीवर ती गरजेची नाही.

पावसाळा ही चामड्याच्या एकतारीची खरी कसोटी. माउलींची पालखी लोणंद-फलटणकडे येते तेव्हा हवा ओली असते, चामडं पाणी शोषतं, सैल पडतं आणि सूर उतरतो. लोक खुंटी पिळत राहतात. मग ऊन पडलं की चामडं आकसतं, ताण एकदम वाढतो आणि कडेनं फाटतं. ओल्या हवेत खुंटी पिळण्याआधी कोरड्या सुती कापडानं चामडं पुसा, थोडा वेळ तळहाताची ऊब द्या. हलगी शेकतात तशी एकतारी आगीवर धरू नका. भोपळ्याचा सांधा सुटतो. गाणं झालं की खुंटी अर्धा फेरा सैल करून ठेवावी. तबलीच्या एकतारीला हे रोज करायची गरज नाही, उलट रोज सैल केलं तर जवारी हलते.

ठेवायला सुती पिशवी वापरा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडून बुरशी धरते. पिशवीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा आणि दर पावसाळ्यात बदलावा. चामडं बदलायची वेळ आलीच तर ते ओलं ताणून सावलीतच वाळवलं जाईल याची खात्री करून घ्या. उन्हात वाळवलेलं चामडं एका बाजूला जास्त आकसतं आणि घोडी तिरकी बसते. गावात हलगीचं काम करणारा चांगला माणूस असेल तर तो हे करतो. जवारी मात्र मिरजेलाच न्यावी.

करवून घ्यायची तर उन्हाळ्याच्या तोंडाशी सांगा. पावसात पॉलिश आणि चामडं दोन्ही वाळायला वेळ लागतो, आणि आषाढाच्या आधी गर्दी असते. घ्यायला स्वतः जा, कुरिअरनं मागवू नका. भोपळ्याला बसलेला एक धक्का वरून दिसत नाही, पण सूर फुटका येतो. सातारा, कराडकडून मिरज जंक्शनपर्यंत रेल्वे सोयीची. परतीत वाद्य मांडीवर किंवा खिडकीकडच्या बाजूला उभं धरा, वरच्या फळीवर दुसऱ्या सामानाखाली ठेवू नका. निघताना त्याच जाडीच्या दोन तारा, घोडीचा सुटा धागा आणि चामड्याची एकतारी असेल तर एक जादा घोडी मागून घ्या. पिशवीच्या आत कागदावर पट्टी, लांबी आणि तारेची जाडी लिहून ठेवा, म्हणजे पुढची तार कुठल्याही दुकानातून मागवता येते.